सैनिकी रुग्णालयांना औषधपुरवठा: नवख्या वितरकांसाठी, परवान्यापासून बिलापर्यंत

औषधांच्या घाऊक धंद्यात थोडा जम बसला की लष्कराला माल पुरवण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येतोच. मागणी मोठी असते, वर्षभर चालते आणि पैसे बुडत नाहीत. हे तिन्ही खरं आहे. तरीही पहिल्याच ऑर्डरीत हात पोळून घेणारे खूप असतात आणि त्यांचं कारण बहुधा एकच असतं. ते सुरुवात दरापासून करतात. टेंडर सापडलं, दर टाकला, एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचे, आलो, आणि माल नेमका कसा हवाय ते सप्लाय ऑर्डर हातात पडल्यावर वाचायला घेतलं.

माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. रुग्णालयाच्या मेडिकल स्टोअरमध्ये तुमचा खोका उघडला जाईल, तेव्हा तिथला अधिकारी काय काय बघेल, ते आधी समजून घ्या आणि तिथून मागे मोजत दरापर्यंत या. त्या खोक्यातली गोळी पुढे कुठे जाईल हे आपल्याला माहीत नसतं. ती खडकीच्या वॉर्डात जाईल किंवा सियाचीनच्या चौकीवर, जिथे कोपऱ्यावर दुसरं मेडिकल नाही. म्हणून या कामात काटेकोरपणा लागतो, आणि तो लागायलाच हवा.

खरेदी कोण करतं

भूदल, नौदल आणि हवाईदल यांची वैद्यकीय सेवा एकत्र आहे. तिच्या शिखरावर दिल्लीतलं सशस्त्र सेना वैद्यकीय सेवा महासंचालनालय, म्हणजे सगळे ज्याला डीजीएएफएमएस म्हणतात ते कार्यालय. त्याच्या हाताखाली औषधसाठ्याचे डेपो आहेत. एएफएमएसडी या नावाने ते ओळखले जातात आणि मुंबई, दिल्ली कँट, लखनऊ इथले डेपो या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात. मोठ्या प्रमाणावर लागणाऱ्या औषधांची खरेदी आणि दरकरार, म्हणजे आरसी, या वरच्या पातळीवर होतात.

डेपोकडून जे मिळालं नाही, वेळेत आलं नाही किंवा यादीतच नाही, ते रुग्णालय स्वतः विकत घेतं. याला एलपी म्हणतात, लोकल पर्चेस. पुण्याचं कमांड हॉस्पिटल, खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल, कुलाब्याचं आयएनएचएस अश्विनी, देवळाली आणि अहिल्यानगरची मिलिटरी हॉस्पिटलं, गोव्यात वास्कोचं आयएनएचएस जीवंती: आपल्या भागात अशी ठिकाणं बरीच आहेत. नवख्या वितरकाने सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. ऑर्डर लहान असते, अंतर कमी असतं आणि चूक झाली तरी ती भरून काढण्याजोगी असते. डेपोच्या मोठ्या निविदांत बहुतेक वेळा उत्पादकच हवा असतो. उलाढालीची आणि पूर्वीच्या पुरवठ्याची अटही जड असते.

तिसरा प्रवाह माजी सैनिकांचा. १ एप्रिल २००३ला सुरू झालेल्या ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकांना औषधं लागतात आणि त्यांची मागणी जवळच्या सैनिकी रुग्णालयामार्फत जाते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, थायरॉईड यांच्या रोजच्या गोळ्या इथे सर्वांत जास्त. ज्यांचा हातखंडा याच मालात आहे, त्यांना हा रस्ता सोयीचा.

बीएसएफ, सीआरपीएफ ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांची खरेदी वेगळी, इथे तिचा विचार केलेला नाही.

कागद आधी

वितरकाला २०बी आणि २१बी हे घाऊक विक्रीचे परवाने लागतात. इन्सुलिन, लसी, सीरम यांसारखा अनुसूची सी आणि सी-१ मधला माल २१बीखाली येतो, तेव्हा एकच परवाना काढून दुसरा नंतर बघू असं करू नका. अनुसूची एक्समधली औषधं विकायची असतील तर २०जी वेगळा. जागा किमान १० चौरस मीटर, फ्रिज, आणि नियमात बसणारी सक्षम व्यक्ती: नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा औषधविक्रीचा एक वर्ष अनुभव असलेला पदवीधर, किंवा चार वर्षं अनुभव असलेला मॅट्रिक. परवाना आता कायम चालतो, पण दर पाच वर्षांनी रिटेन्शन फी भरावी लागते. ती पावती निविदेच्या कागदांत लावायला लोक विसरतात आणि मग परवाना संपलेला दिसतो.

परवान्याखेरीज अन्न व औषध प्रशासनाकडून दोन-तीन दाखले लागतात. नॉन-कन्व्हिक्शन सर्टिफिकेट म्हणजे औषध कायद्याखाली दोषी ठरलेले नाही असा दाखला. उत्पादकासाठी मार्केट स्टँडिंग, म्हणजे ते औषध ठरावीक वर्षं बनवून विकत असल्याचा दाखला, आणि जीएमपी, म्हणजे उत्पादनाच्या चांगल्या पद्धती पाळल्याचा दाखला. हे दाखले मागितल्या दिवशी मिळत नाहीत आणि निविदेची मुदत पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांचीच असते. म्हणून निविदा दिसण्याची वाट न बघता अर्ज करून ठेवावा, आणि वर्ष उलटलं की नवा घ्यावा.

बाकीचा गठ्ठा नेहमीचाच: पॅन, जीएसटी, तीन वर्षांची आयकर विवरणं, सीएने प्रमाणित केलेली उलाढाल, बँकेचा मँडेट फॉर्म, काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र. जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदारांबाबत २३ जुलै २०२०चा आदेश आहे. त्यासंबंधीचं घोषणापत्रही लागतं, ते भारतीय मालकाच्या फर्मलाही द्यावं लागतं. मेक इन इंडिया धोरणाखाली स्थानिक घटकांची टक्केवारी लिहून द्यायची असते आणि औषधांसाठी ती कशी मोजायची हे औषधनिर्माण विभागाने ठरवून दिलेलं आहे. वितरकाने हा आकडा अंदाजाने लिहू नये. उत्पादकाकडून सही-शिक्क्यानिशी घ्यावा, कारण खोटं निघालं तर बंदी तुमच्यावर येते.

आता उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल, कारण इथे गैरसमज फार मोठा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २०१२च्या खरेदी धोरणात २५ टक्के खरेदी या उद्योगांकडून करायची आहे. ईएमडीची, म्हणजे बोलीसोबत भरायच्या अनामत रकमेची, माफी आहे, आणि एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत दर असेल तर त्याच्या दराला माल देऊन वाटा मिळवायची संधी आहे. पण हे फायदे माल बनवणाऱ्याला आहेत. व्यापाऱ्यांना २०२१पासून उद्यमवर नोंदणी करता येते, ती केवळ बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. तुम्ही वितरक असाल आणि उद्यमचा कागद लावून ईएमडी भरली नाहीत, तर बोली तांत्रिक टप्प्यावरच बाद होते. पैसे भरा आणि मोकळे व्हा.

जेम आणि दुसरं पोर्टल

ऑगस्ट २०१६मध्ये सुरू झालेलं जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल, हे आता मुख्य दार आहे. जो माल जेमवर मिळतो तो सरकारी कार्यालयांनी तिथूनच घ्यायचा, असा वित्तीय नियमांतला नियम १४९ आहे. नोंदणीला मालकाचा आधारला जोडलेला मोबाइल, पॅन, बँक खातं आणि जीएसटी लागतो. परवान्यावर, जीएसटीवर आणि पॅनवर फर्मचं नाव अक्षरशः एकसारखं आहे ना, ते आधी बघा. एका ठिकाणी ‘अँड सन्स’ आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून अडलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

जेमवर नसलेल्या किंवा वेगळ्या स्वरूपाच्या निविदा संरक्षण मंत्रालयाच्या ई-प्रोक्युअरमेंट पोर्टलवर येतात. तिथे क्लास-३ डिजिटल सही लागते. बोली दोन लिफाफ्यांची असते: तांत्रिक, म्हणजे टी-बिड, आणि दराची, म्हणजे क्यू-बिड. टी-बिडमध्ये चुकून कुठेही दर दिसला तर बोली गेली. उत्पादकाच्या जुन्या कोटेशनची प्रत लावताना हे बहुधा घडतं.

संरक्षण खात्याच्या महसुली खरेदीचे नियम डिफेन्स प्रोक्युअरमेंट मॅन्युअलमध्ये आहेत. २००९चं जुनं मॅन्युअल जाऊन १ नोव्हेंबर २०२५पासून नवं लागू झालं. ओळखीच्या कुणी जुन्या अटींची फाइल दिली तर तिच्यावर विसंबू नका. हातातल्या निविदेत लिहिलेलंच धरा.

निविदा वाचायची कशी

इथे वेळ द्या. एका निविदेला निदान दोन संध्याकाळी द्याव्यात: पहिल्या संध्याकाळी अटी, दुसऱ्या संध्याकाळी मालाची यादी.

सैन्याच्या औषधयादीला पीव्हीएमएस म्हणतात आणि तिच्यात प्रत्येक औषधाला क्रमांक असतो. यादीत नसलेल्या औषधाला एनआयव्ही, म्हणजे ‘नॉट इन व्होकॅब्युलरी’. पीव्हीएमएस क्रमांकाशेजारी औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, स्वरूप आणि ए/यू लिहिलेलं असतं. ए/यू म्हणजे हिशेबाचं एकक: गोळी, कुपी, बाटली, ट्यूब. सर्वांत जास्त घोटाळे या दोन अक्षरांत होतात. आपण दुकानात स्ट्रिपचा विचार करतो. निविदेत ए/यू ‘टॅब’ असेल आणि संख्या ५०,००० असेल, तर त्या ५०,००० गोळ्या आहेत, म्हणजे दहाच्या ५,००० स्ट्रिपा. स्ट्रिपचा दर गोळीच्या रकान्यात भरला तर तुम्ही दहापट महाग ठरता आणि विषय संपतो. उलट झालं तर जास्त वाईट: स्ट्रिप हवी होती, तुम्ही गोळीचा दर टाकलात, एल-वन आलात, आणि आता त्या दराने माल द्यायला बांधील आहात. माघार घेतली की ईएमडी जप्त.

दुसरी नजर औषधाच्या नावातल्या मागच्या शब्दावर ठेवा. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ही अदलाबदल करण्याजोगी औषधं नाहीत. सक्सिनेट प्रोलाँग्ड रिलीज स्वरूपात दिवसातून एकदा देतात, टार्ट्रेटचा हिशेब वेगळा. यादीत ‘एक्सआर’, ‘एसआर’, ‘डिस्पर्सिबल’, ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री’ असं काही लिहिलं असेल तर ते तिथे कुणीतरी डॉक्टरने विचारपूर्वक लिहिलेलं असतं. आपल्याकडे आहे ते ‘जवळपास तेच’ म्हणून खपवायचा प्रयत्न करू नये. इंडियन फार्माकोपियाचा उल्लेख असेल तर लेबलवर आयपी छापलेलं हवं.

तिसरी गोष्ट मूल्यांकनाची. दर औषधनिहाय बघणार की एकूण बेरजेवर? बेरजेवर असेल तर यादीतली सगळी औषधं द्यावी लागतात. चाळीसपैकी एक मिळत नसेल तरी बोली अपुरी ठरते. आणि नेमकं ते एक औषध एखाद्याच कंपनीचं असतं.

चौथी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट उरलेल्या आयुष्याची. अनेक निविदांत अट असते, की माल पोहोचेल तेव्हा त्याच्या शेल्फ लाइफपैकी पाच-षष्ठांश शिल्लक असावं. ऐकायला साधं वाटतं, पण मोजून बघा. २४ महिन्यांचं औषध असेल तर २० महिने शिल्लक हवेत, म्हणजे उत्पादनापासून चार महिन्यांत माल स्टोअरच्या दारात हवा. १८ महिन्यांच्या औषधाला तीनच महिने मिळतात. कंपनीत माल बनला, चाचणी होऊन बाहेर पडला, सीएनएफकडे, म्हणजे कंपनीच्या साठा-वितरण एजंटकडे, आला, तिथून तुमच्याकडे, यात दोन महिने सहज जातात. म्हणजे बाजारात पडून असलेला माल उचलून इथे देता येतच नाही. बोली लावण्यापूर्वी उत्पादकाकडून लेखी घ्यायला हवं, की ऑर्डर आल्यावर नव्या बॅचचा माल इतक्या दिवसांत देऊ. फोनवरचा होकार पुरत नाही.

अटींमध्ये आणखी दोन कलमं शोधा. ऑप्शन क्लॉज म्हणजे त्याच दराने जादा माल मागण्याचा खरेदीदाराचा हक्क. जेमच्या निविदांत तो बहुधा २५ टक्क्यांपर्यंत असतो. कच्चा माल महागला तरी तो द्यावा लागतो. आणि फॉल क्लॉज: कराराच्या काळात तेच औषध दुसऱ्या सरकारी खरेदीदाराला कमी दराने दिलंत तर तो कमी दर इथेही लागू. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी बोली लावणाऱ्याने ही नोंद वहीत ठेवायलाच हवी.

सार्वजनिक क्षेत्रातल्या औषधकंपन्यांसाठी १०३ औषधांचं खरेदी धोरण २०१३मध्ये आलं. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही त्यांतली आपल्याकडची कंपनी. तुमचं औषध त्या यादीत असेल तर निविदेत त्याबद्दल काय म्हटलंय ते आधी बघा.

शंका असेल तर प्री-बिड बैठकीत किंवा पोर्टलवर लेखी विचारा. उत्तर कॉरिजेंडम, म्हणजे निविदेचं दुरुस्तीपत्रक, म्हणून सर्वांना दिसतं, त्यामुळे कुणाला फोन करून आतली माहिती काढायची गरजही नाही आणि ते योग्यही नाही.

दर

आता कुठे दर. समजा १,००,००० गोळ्यांची मागणी आहे आणि दीड रुपया दर टाकून १,५०,००० रुपयांची ऑर्डर मिळू शकते. खरेदी, वाहतूक, पॅकिंग वजा जाता चार टक्के, म्हणजे ६,००० रुपये सुटतील असा तुमचा हिशेब आहे. यातून काय काय जातं ते बघू.

उशिराचा दंड, म्हणजे एलडी, बऱ्याच करारांत आठवड्याला अर्धा टक्का असतो. त्याला वरची मर्यादा असते. या ऑर्डरीवर आठवड्याला ७५० रुपये. कंपनीने चार आठवडे उशीर केला तर ३,००० रुपये, निम्मा नफा संपला. प्रयोगशाळेच्या चाचणीचा खर्च प्रत्येक बॅचमागे लागतो. एवढ्या गोळ्या एका बॅचमधून आल्या तर एक अहवाल, पाच बॅचमधून जमवल्या तर पाच. म्हणून कंपनीशी बोलतानाच ‘शक्यतो एकच बॅच’ असं ठरवावं. मग परफॉर्मन्स गॅरंटीचं, म्हणजे करार पूर्ण करण्याच्या बँक हमीचं, कमिशन आणि अडकलेल्या रकमेचं व्याज. नमुने म्हणून काढलेल्या गोळ्यांची भरपाई. पैसे येईपर्यंतच्या काळाचं व्याज. चार टक्क्यांत हे बसत नसेल तर बोली लावू नये. पहिली ऑर्डर मिळावी म्हणून तोट्यात दर टाकणारे मला पटत नाहीत. तोटा भरून काढायची वेळ आली की तडजोड मालातच होते, आणि त्याची किंमत वॉर्डातला रुग्ण मोजतो.

जेमवरचा दर सर्व करांसह असतो. २२ सप्टेंबर २०२५पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२वरून ५ टक्क्यांवर आला आणि ३३ जीवनरक्षक औषधांवर तो शून्य झाला. जुन्या कोटेशनच्या शीटमध्ये १२ टक्के बसवलेले असतील तर ती शीट आजच बदला. औषध डीपीसीओ २०१३च्या किंमत-नियंत्रणाखाली असेल तर एनपीपीएची, म्हणजे औषधकिंमत प्राधिकरणाची, कमाल किंमतही तपासा. सरकारी खातं २,५०,००० रुपयांवरच्या करपात्र करारावर २ टक्के जीएसटी-टीडीएस कापतं. ते तुमच्या कॅश लेजरमध्ये परत दिसतं, पण तेवढा काळ पैसा हातात नसतो.

काही बोलींत शेवटी रिव्हर्स ऑक्शन, म्हणजे दर खाली आणत जाण्याचा लिलाव, असतं. पडद्यावर दर खाली जाताना माणसाचा तोल जातो. खालचा आकडा आधी कागदावर लिहून ठेवा. तो आला की बाजूला व्हा.

बोली ते सप्लाय ऑर्डर

वितरकाला उत्पादकाचं अधिकारपत्र लागतं आणि त्यात या निविदेचा क्रमांक हवा. ‘आमचे अधिकृत वितरक’ एवढ्या सरसकट पत्रावर अडवणूक होते. ईएमडी साधारण अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के. कागद वाचता येतील असे स्कॅन करा, निविदेत दिलेल्या क्रमानेच लावा आणि प्रत्येकाला नाव द्या. तपासणारा अधिकारी डॉक्टर असतो, दिवसभराची ओपीडी संपवून या फायलींवर बसलेला असतो. त्याला जे पटकन सापडतं त्याबद्दल प्रश्न निघत नाहीत.

शेवटच्या दिवसाच्या शेवटच्या तासात अपलोड करू नका.

तांत्रिक समितीने कागद मागवले किंवा बोली बाद केली, तर उत्तराची मुदत अगदी थोडी असते. त्या दिवसांत पोर्टल रोज सकाळ-संध्याकाळ बघावं. बाद ठरवणं चुकीचं असेल तर अटीचा क्रमांक आणि आपल्या कागदाचं पान दाखवून मुद्द्याचं दोन परिच्छेदांत लिहावं. रागाने लिहिलेलं लांबलचक पत्र कुणी वाचत नाही. पुढे सक्षम वित्तीय अधिकाऱ्याची मंजुरी, म्हणजे सीएफएची सही होते आणि ऑर्डर निघते. ऑर्डर आली की त्यातलं प्रत्येक नाव, संख्या, दर, पत्ता, शेवटची तारीख बोलीशी ताडून बघा. फरक असेल तर त्याच दिवशी कळवा.

माल

ऑर्डर मिळाल्याच्या दिवशी कंपनीला खरेदी ऑर्डर गेली पाहिजे आणि तिच्यात बॅच, उत्पादन तारखेची मर्यादा, चाचणी अहवाल आणि छपाईच्या अटी हव्यात. अनेक करारांत पॅकवर ‘डिफेन्स सप्लाय, नॉट फॉर सेल’ अशा अर्थाचा शिक्का मागितलेला असतो. नेमके शब्द आणि शिक्का कशावर हवा, स्ट्रिपवर, आतल्या डबीवर की बाहेरच्या खोक्यावर, ते करारातून जसंच्या तसं उतरवून द्या. असा शिक्का मारलेला माल परत आला तर तो बाजारात विकायचा नसतो, हेही दर ठरवताना लक्षात हवं.

तुमच्या गोदामात माल आला की स्वतः तपासा. प्रत्येक खोक्यातून दोन-चार स्ट्रिपा काढा आणि बॅच क्रमांक, उत्पादन आणि एक्स्पायरी तारीख चलानाशी मिळवा. बाहेरच्या खोक्यावर एक बॅच आणि आत दुसरी, असं घडतं. इथे सापडलं तर एक फोन, तिथे सापडलं तर पूर्ण माल परत.

थंड साखळीच्या मालाबद्दल थोडं सविस्तर सांगतो. इन्सुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्याकडे सगळं लक्ष गरम होऊ नये याकडे असतं आणि गोठण्याचा धोका विसरला जातो. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं, वितळल्यावर ते दिसायला ठीक वाटलं तरी. पुण्यातल्या उन्हाळ्यातही हे होऊ शकतं: डीप फ्रीजरमधून काढलेला बर्फाचा पॅक थेट कुपीला चिकटला की तेवढ्या कुपी गेल्या. पॅक बाहेर काढून ठेवावा, हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज आला की मगच खोक्यात घालावा, आणि कुपी व पॅक यांच्यामध्ये पुठ्ठा असावा. सोबत डेटा लॉगर ठेवा आणि पोहोचल्यावर त्याची नोंद स्टोअरला द्या. हिवाळ्यात उत्तरेकडे माल जाणार असेल तर हीच काळजी दुप्पट.

तापमानाची वही गोदामातही ठेवावी, आणि ती खरी असावी. औषध कायद्याच्या कलम १९(३)मध्ये वितरकाला संरक्षण आहे, पण त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: माल परवानाधारकाकडून रीतसर घेतला, दोष माहीत नव्हता आणि योग्य काळजी घेऊनही कळण्यासारखा नव्हता, आणि तुमच्याकडे असताना तो नीट ठेवला व घेतला तसाच विकला. खरेदी बिलं आणि तापमानाच्या नोंदी नसतील तर हे संरक्षण कागदावरच राहतं.

पोहोचवायच्या दोन दिवस आधी स्टोअरला फोन करून वेळ घ्या. छावणीत शिरायला चालकाचं ओळखपत्र आणि गाडीची कागदपत्रं लागतात. सप्लाय ऑर्डरची प्रत चालकाकडे द्या. आत फोटो काढायचे नाहीत, हे त्याला बजावून सांगा. सकाळी पोहोचलेला माल त्याच दिवशी मोजून होतो.

मोजणीनंतर अधिकाऱ्यांचं मंडळ, ज्याला बोर्ड म्हणतात, माल तपासतं. नमुने एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ शकतात, खर्च बहुधा पुरवठादाराचा. जेमवर आधी माल पोहोचल्याची तात्पुरती पावती, पीआरसी, निघते आणि तपासणीनंतर सीआरएसी, म्हणजे स्वीकृती. माल नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि ठरलेल्या मुदतीत बदलून द्या. बॅच दर्जाहीन निघाली तर ती बॅच बाकीच्या गिऱ्हाइकांकडूनही ताबडतोब परत बोलवा. कुणी सांगेपर्यंत थांबू नका.

फोनवरून आलेल्या ‘ऑर्डरी’

हे मुद्दाम मध्येच सांगतो, कारण औषधविक्रेते यात फसतात. ‘अमुक कँपमधून बोलतोय, जवानांसाठी इतकी औषधं हवीत’ असा फोन येतो. व्हॉट्सअॅपवर गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र येतं. मग ‘आर्मीची पेमेंटची पद्धत वेगळी आहे’ म्हणून एक क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा आधी थोडे पैसे पाठवायला सांगतात आणि खातं रिकामं होतं. सैनिकी रुग्णालयाची खरेदी पोर्टलवरून किंवा लेखी सप्लाय ऑर्डरीने होते, आणि पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड कधीही स्कॅन करावा लागत नाही. असा फोन आला तर १९३०वर तक्रार करा.

‘मी साहेबांना ओळखतो, ऑर्डर काढून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थापासूनही दूर राहा. संरक्षण करारात दलालीविरुद्ध कलम असतं. कमिशन दिल्याचं सिद्ध झालं तर करार रद्द, रक्कम वसूल आणि बंदी.

बिल आणि पुढे

बिलासोबत जीएसटी इनव्हॉइस, सप्लाय ऑर्डरची प्रत, स्वीकृतीचा कागद, बॅचनिहाय चाचणी अहवाल, हमीपत्र आणि बँक मँडेट लागतो. जेमच्या ऑर्डरीत स्वीकृतीनंतर दहा दिवसांत पैसे देण्याचा नियम आहे. लष्कराची बिलं रुग्णालयाकडून लेखा विभागाकडे जातात. दक्षिण कमांडसाठी पुण्याचं पीसीडीए हे लेखा कार्यालय, नौदलासाठी मुंबईचं. बिल अडलं तर आधी रुग्णालयात विचारा, की ते पुढे गेलं का आणि कुठल्या क्रमांकाने. तो डिस्पॅच क्रमांक हातात असल्याशिवाय लेखा कार्यालयात फोन करण्यात अर्थ नाही. आक्षेप असेल तर तो बहुधा छोटा असतो: इनव्हॉइसवर ऑर्डर क्रमांक नाही, शिक्का पुसट, जीएसटीसाठीचा एचएसएन कोड चुकलेला.

मार्चमध्ये विशेष जपा. निधी ३१ मार्चला संपतो, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑर्डरी भराभर निघतात आणि माल महिनाअखेरीच्या आत लागतो. बिल त्या तारखेच्या पलीकडे गेलं तर पुढच्या वर्षीच्या निधीची वाट बघावी लागते. कंपनीकडे माल तयार असल्याची खात्री नसेल तर मार्चच्या बोली सोडून द्याव्यात.

तुम्ही उत्पादक असाल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत असाल, तर एमएसएमईडी कायद्याखाली पंचेचाळीस दिवसांची मुदत तुम्हाला लागू आहे. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं आणि त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते.

राहिली परफॉर्मन्स गॅरंटी. नियमाप्रमाणे ती हमीसह सगळ्या जबाबदाऱ्या पूर्ण झाल्यानंतर ६० दिवसांपर्यंत वैध असावी लागते. औषधाची हमी एक्स्पायरीपर्यंत लिहिलेली असेल तर २४ महिन्यांच्या औषधाची गॅरंटी दोन वर्षांहून अधिक काळ अडकून राहते. ही तारीख करार झाला त्याच दिवशी मोजून डायरीत लिहा. ती उलटली की मूळ ऑर्डर, स्वीकृतीचा कागद आणि गॅरंटीची प्रत जोडून ती परत मागणारं पत्र रुग्णालयाला द्या आणि पोच घ्या. तोपर्यंत तिथले अधिकारी बदललेले असतात, म्हणून त्या पत्रात सगळा तपशील नव्याने लिहावा.